ओव्हरक्लॉकिंगसाठी स्वस्त मदरबोर्ड घेताना सॉकेटच्या डावीकडे बघा

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. (ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर किंवा रॅम कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या वर पळवणं.) अकोल्याचा एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी नवा कॉम्प्युटर जुळवतोय. प्रोसेसर ठरलाय, रायझन ५ ५६००. बोर्डासाठी नऊ हजार बाजूला काढलेत. दुकानदाराने तीन बोर्ड समोर ठेवले: ए५२० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची नियंत्रक चिप) साडेपाच हजारांना, बी४५०चा सात हजारांना आणि बी५५०चा साडेनऊ हजारांना. तिन्हींचे फोटो पाठवून त्याने विचारलंय, "मला ओव्हरक्लॉकिंग करायचंय, पण महागातला बोर्ड परवडणार नाही. दुकानदार म्हणतो तिन्हींवर होतं, फरक फक्त दिसण्याचा. मग साडेपाच हजारांचा घेऊ का?"

नका घेऊ. बी५५० घ्या, वरचे पाचशे कुठून तरी उभे करा. एवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल. पण पुढच्या आठवड्यात हे तिन्ही बोर्ड संपलेले असतील आणि दुकानदार दुसरेच तीन काढेल, तेव्हा तुमचं तुम्हाला निवडता आलं पाहिजे. म्हणून सविस्तर लिहितो.

दुकानदार सरसकट खोटं बोलत नाहीये. ए५२०वर रॅमचा वेग वाढवता येतो. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यावर, एक्सएमपी ही रॅमची तयार सेटिंग चालू केली की ३२०० किंवा ३६०० दिसायला लागतं, आणि काउंटरवर त्यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणायची पद्धत आहे. प्रोसेसरचा मल्टिप्लायर, म्हणजे मूळ घड्याळाच्या किती पट वेगाने तो धावेल तो आकडा, मात्र एएमडीने ए५२०वर बंद ठेवलाय. ५६०० ज्यात बसतो त्या एएम४ सॉकेटच्या कुळात नियम सोपा आहे: ए३२० आणि ए५२०वर नाही, बी३५०, बी४५०, बी५५० आणि सगळ्या एक्सवाल्यांवर होतं. त्यातले एक्स४७० किंवा एक्स५७० तुमच्यासाठी विषयच नाहीत. त्यांच्यात जास्तीच्या असतात त्या पीसीआयई लेन (कार्ड आणि एसएसडीसाठीचे मार्ग) आणि पोर्ट. ज्या वेगाला तुमचा ५६०० चांगल्या बी५५०वर अडेल, त्याच वेगाला तो एक्स५७०वरही अडेल.

म्हणजे चिपसेट फक्त परवानगी देतो. गाडी चालवायचं लायसन्स मिळालं म्हणून गाडी घाट चढेलच असं नाही. घाट चढवतो तो बोर्डावरचा व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला लागेल तशी वीज बनवून देणारा भाग. स्वस्त बोर्ड निवडताना तुमचं ऐंशी टक्के लक्ष त्याच्यावर हवं, आणि गंमत म्हणजे खोक्यावर सगळ्यात कमी माहिती त्याचीच असते.

बोर्ड उभा धरा, मागचे पोर्ट डावीकडे. सॉकेटच्या डावीकडे आणि वर करड्या चौकोनी ठोकळ्यांची एक रांग दिसेल. ते चोक, म्हणजे कॉइल. त्यांच्याजवळ काळे चपटे मॉसफेट, म्हणजे विजेचे झटपट स्विच, आणि गोल कपॅसिटर. एसएमपीएसमधून (कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) इथे १२ व्होल्ट येतात आणि प्रोसेसरला लागतात साधारण १.१ ते १.३५. वॉट तेच ठेवून व्होल्ट दहा पटींनी उतरवायचे म्हटलं की अँपिअर दहा पटींनी चढणार. १२० वॉट खाणारा प्रोसेसर १.२ व्होल्टवर १०० अँपिअर ओढतो. घरातल्या एसीचा एमसीबी १६ किंवा २० अँपिअरचा असतो, त्याच्याशी ताडून बघा. हा प्रवाह दोन-अडीच इंचांच्या पट्ट्यातून जातो, आणि मिलिसेकंदाच्याही आत शून्यावरून शंभरावर आणि परत खाली येत राहतो.

हे ओझं किती जणांनी वाटून घेतलं, ते म्हणजे फेजची संख्या. १०० अँपिअर चार फेजमध्ये वाटले तर प्रत्येकाला २५, आठमध्ये वाटले तर साडेबारा. मॉसफेटच्या रोधामुळे होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे आठ फेजमध्ये प्रत्येक मॉसफेट चौपट कमी तापतो आणि सगळ्यांची मिळून या कारणाची उष्णता निम्म्यावर येते. स्विचिंगमध्ये जाणारी वीज वेगळी, ती फेज वाढवून कमी होत नाही. पण उष्णता जास्त जागेत पसरते, आणि पसरलेली उष्णता काढणं सोपं असतं.

आता फसवणूक कुठे होते ते बघा. खोक्यावर लिहिलेलं असतं ‘८ फेज’. चोक मोजले तर आठ भरतातही. पण त्यातले पाच प्रोसेसरच्या कोअरसाठी आणि तीन एसओसी नावाच्या, ग्राफिक्स वगैरे सांभाळणाऱ्या, भागासाठी असतात. तुमच्या ५६००मध्ये ग्राफिक्स नाही, त्यामुळे त्या तिघांना फारसं कामच नाही. ओझं पाचच जण वाहणार. म्हणून ‘८+२’ आणि ‘५+३’ यांतला पहिला आकडा वाचायचा, बेरीज करायची नाही. दुसरी युक्ती म्हणजे एकाच फेजच्या सिग्नलवर दोन चोक आणि मॉसफेटच्या दोन जोड्या बसवून त्याला आठ म्हणायचं. ही युक्ती मला तितकीशी वाईट वाटत नाही, कारण ओझं तरी खरोखर वाटलं जातं. एमएसआयच्या बी४५० टॉमहॉक मॅक्सवर कंट्रोलरचे फेज चारच आहेत, पण प्रत्येकावर दुप्पट भाग आणि वर जाडजूड हीटसिंक आहे. त्या बोर्डाने बरीच वर्षं स्वस्तात चांगलं काम दिलंय.

मॉसफेटची जातही बघा. स्वस्त बोर्डावर वरचा मॉसफेट वेगळा, खालचा वेगळा आणि त्यांना चालवणारा ड्रायव्हर तिसरीकडे असतो. थोडे पैसे वाढवले की हे तिन्ही एका पाकिटात येतात, त्याला डीआरमॉस किंवा पॉवर स्टेज म्हणतात, आणि त्याच्यावर ५० किंवा ६० अँपिअर असा आकडा असतो. त्या आकड्याला फेजच्या संख्येने गुणून चारशे अँपिअरच्या गप्पा मारणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. तो आकडा प्रयोगशाळेतल्या थंडाव्याचा आहे. पण त्याच करंटला डीआरमॉस कमी तापतो, हे खरं. आसुसच्या टफ गेमिंग बी५५०एम-प्लसवर ८+२ अशी डीआरमॉसची मांडणी आहे. तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या फोटोतली मांडणीही त्याच धर्तीची दिसते, म्हणून तर वर पाचशे रुपये उभे करा म्हटलं.

दुसऱ्या फोटोतल्या बी४५०ची गोष्ट वेगळी. त्याच्या डावीकडे हीटसिंक आहे, वरच्या रांगेवर काहीच नाही. पहिल्याला तर दोन्हीकडे नाही. हीटसिंक नसलेला व्हीआरएम ओव्हरक्लॉकिंगसाठी घ्यायचाच नाही, चिपसेट कुठलाही असो. आणि असला तरी तो खरा आहे का बघा. काही बोर्डांवर मोठ्ठं चकचकीत कवच असतं, ते बरंचसं प्लास्टिक. वरून कीर्तन, आतून तमाशा. दुकानात बोर्ड हातात घेऊ देत असतील तर बोटाने हलकेच दाबा आणि वजनाचा अंदाज घ्या. ॲल्युमिनियमचा ठोकळा, त्यात हवा खेळायला खाचा आणि बोर्डाच्या मागून आलेले स्क्रू दिसले की बरं समजायचं. स्प्रिंगच्या प्लास्टिक पिनांवर टेकवलेला हीटसिंक वर्षा-दोन वर्षांत सैल पडलेला मी पुष्कळ वेळा पाहिलाय.

या सगळ्याचं मला वेड का, ते सांगतो. जळगावकडच्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याला मी रायझन ७ १७०० लावून दिला होता, ३.८ गिगाहर्ट्झवर, १.३५ व्होल्ट देऊन. बोर्ड स्वस्तातला, चार फेजचा, हीटसिंक नावापुरता. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, चूक निवडणाऱ्याची होती. डिसेंबरात लावला, तासभर टेस्ट केली, सगळं ठीक. मे महिन्यात ऐन लग्नसराईत त्याचा फोन आला: रेंडर सुरू केलं की वीस मिनिटांनी कॉम्प्युटर गोगलगाय होतो. बघितलं तर प्रोसेसर ७२ अंशांवर, म्हणजे निवांत, आणि वेग मात्र १ गिगाहर्ट्झच्याही खाली. अर्धा दिवस मी विंडोज, ड्रायव्हर आणि एसएमपीएस यांच्या मागे घालवला. शेवटी तापमान मोजायची बंदूक बोर्डाच्या पाठीवर धरली, सॉकेटच्या मागच्या बाजूला, तर ११८. व्हीआरएम जीव वाचवण्यासाठी प्रोसेसरचा गळा आवळत होता. त्या दिवशी झिप-टायने एक ८० मिलिमीटरचा पंखा बांधून वेळ मारून नेली, आणि हंगाम संपल्यावर बोर्ड बदलला.

अकोल्यात राहणाऱ्याने ही गोष्ट गंभीरपणे घ्यावी. यूट्यूबवरचे परीक्षक व्हीआरएमची तापमानं मोजतात ती साधारण २०-२५ अंशांच्या खोलीत. तुमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो. कूलर नसलेल्या खोलीत दुपारी ४० सहज धरा, आणि कॅबिनेटच्या आत आणखी पाच-सात. खोली जितकी चढते तितकाच व्हीआरएमही जवळजवळ चढतो. परीक्षणात ८५ दिसलेला बोर्ड तुमच्याकडे शंभरी ओलांडणार. मॉसफेट स्वतः १२५ किंवा त्याहून जास्त सोसतात, पण शेजारचे कपॅसिटर बहुधा १०५ अंशांच्या मर्यादेचे असतात, आणि तापमान चढतं तसं त्यांचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणून माझा ठोकताळा असा: परीक्षणात त्याच वॉटला ७५च्या वर गेलेला बोर्ड विदर्भात, खानदेशात किंवा मराठवाड्यात घ्यायचा नाही. महाबळेश्वरला राहत असाल तर घ्या खुशाल.

हार्डवेअर अनबॉक्स्ड या ऑस्ट्रेलियन चॅनेलने बी-मालिकेच्या बोर्डांच्या व्हीआरएमची तापमानं एकाच पद्धतीने मोजून तक्ते केलेत, आणि बिल्डझॉइड या टोपणनावाचा गृहस्थ बोर्डाचा एकेक मॉसफेट उलगडून सांगतो. खरेदीआधी दोन तास या दोघांना द्या.

आता थोडं तुमच्या बाजूने बोलतो. ५६०० हा खादाड प्रोसेसर नाही. एएमडीने त्याला ६५ वॉटचा म्हटलंय आणि सॉकेटमधून प्रत्यक्ष ओढायची मर्यादा ७६ वॉट आहे. मर्यादा उठवून, पीबीओ (एएमडीची स्वयंचलित ओव्हरक्लॉकिंगची सोय) चालू करून, तो माझ्याकडे फार तर शंभर वॉटच्या आसपास गेलाय. एवढं ओझं दोन्हीकडे हीटसिंक असलेला साधा चार फेजचा बी४५०सुद्धा पेलतो. म्हणजे पाचशे रुपये खरोखरच जमत नसतील आणि टॉमहॉक मॅक्स किंवा मॉर्टार मॅक्सच्या जातीचा बी४५० सात हजारांत मिळाला, तर तोही चालेल. फोटोतला, एका बाजूने उघडा असलेला नको. फरक पडतो तो पुढे प्रोसेसर बदलताना. ५८००एक्स किंवा ५९००एक्स मूळ मर्यादेतच १४२ वॉटपर्यंत जातात, तिथे चार फेजचा बोर्ड रडायला लागतो. उलट ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डीकडे जायचा विचार असेल तर त्यांचा मल्टिप्लायर कुलूपबंदच असतो आणि भूकही आटोक्यात, तेव्हा मध्यम बोर्ड पुरेसा.

एक बारकावा फार कमी जण सांगतात. ५६००सोबत येणारा रेथ स्टेल्थ कूलर वरून खाली हवा मारतो, आणि ती हवा सॉकेटच्या चारी बाजूंना पसरून व्हीआरएमवरूनही जाते. ओव्हरक्लॉकिंगसाठी म्हणून लोक तो काढून उभा टॉवर कूलर किंवा पाण्याचा एआयओ लावतात. प्रोसेसर पंधरा अंशांनी थंड होतो, आणि व्हीआरएमचा फुकटचा वारा बंद. मग विचारतात, इतका चांगला कूलर लावूनही वेग का पडतो? टॉवर लावलात तर कॅबिनेटच्या मागे, व्हीआरएमच्या जवळ, हवा बाहेर फेकणारा पंखा हवाच. एआयओचा विचार सोडून द्या, तेवढ्या पैशांत दुसरा प्रोसेसर येईल.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे आज नेमकं काय मिळतं, हे बोर्डावर पैसे घालण्याआधी समजून घ्या, कारण या शब्दाची हवा जुन्या काळातली आहे. १९९८ साली सेलेरॉन ३००ए आला. त्याचा मल्टिप्लायर ४.५वर बंद होता, पण बस ६६ऐवजी १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३००चा थेट ४५० व्हायचा. एबिट बीएच६ बोर्डावर हे जंपर न हलवता बायोसमधूनच जमायचं. निम्म्याने वेग, फुकट! तो जमाना गेला. आजचे प्रोसेसर कारखान्यातूनच आपल्या टोकाच्या जवळ धावत येतात. ५६००ची मूळ बूस्ट मर्यादा ४.४ गिगाहर्ट्झ. पीबीओत २०० मेगाहर्ट्झची सूट देऊन आणि कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये उणे पंधरा ते पंचवीस घालून बहुतेक नग ४.६च्या आसपास जातात. माझ्या हाताखालून गेलेल्यांमध्ये सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या टेस्टमध्ये फायदा चार ते सात टक्क्यांचा दिसलाय. कर्व्ह ऑप्टिमायझरचा आकडा उणे करणं म्हणजे त्याच वेगाला थोडे कमी व्होल्ट देणं, म्हणजे वेग वाढतो आणि उष्णता फारशी वाढत नाही. अकोल्यासारख्या ठिकाणी हाच शहाणपणाचा मार्ग. सगळे कोअर एका वेगावर बांधून १.३५ व्होल्ट ठोकणं हा १७००च्या काळातला खेळ होता.

त्याहून मोठा फायदा रॅममध्ये बसलाय. १६ जीबीची एकच काडी देऊन मोकळं व्हायची दुकानांना सवय आहे, ‘पुढे दुसरी टाका’ म्हणून. असं करू नका. ८ जीबीच्या दोन घ्या. एका काडीवर रॅमची रुंदी निम्मी होते, आणि गेममध्ये त्याचा फटका तुमच्या सगळ्या ओव्हरक्लॉकिंगच्या कमाईपेक्षा जास्त बसतो. डीडीआर४-३६०० घ्या आणि इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतली जोडवाहिनी) १८००वर चालतंय का बघा. दोन्ही एकास एक जुळले (डीडीआरचा आकडा घड्याळाच्या दुप्पट असतो) की रायझन सुखात असतो. त्याच्या वरच्या, ४०००-४४००च्या रॅमवर पैसे घालवू नका. तिथे ही जुळणी सुटते आणि खर्च करून गाडी मागे जाते. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर दोन काड्या सॉकेटपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये घालायच्या असतात. दोनच स्लॉट असलेला बोर्ड स्वस्त म्हणून हिणवू नका. तारा आखूड आणि फाटे कमी, त्यामुळे रॅमच्या वेगासाठी तो चारवाल्यापेक्षा बरेचदा सरस निघतो. पुढे वाढवायला जागा नाही, एवढीच त्याची किंमत.

बायोसच्या बाबतीत मी दोन गोष्टींचा आग्रह धरतो. बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असावं. ५६०० एप्रिल २०२२ मध्ये आला, आणि बी४५० त्याच्या चार वर्षं आधीचा. गोदामात पडून राहिलेला बोर्ड जुन्या बायोससह हातात आला तर पडदा काळाच राहणार, आणि दुकानदार म्हणणार प्रोसेसर खराब आहे. फ्लॅशबॅक असेल तर प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हवरून बायोस चढवता येतो. ड्राइव्ह एफएटी३२मध्ये फॉरमॅट करायची आणि फाइलचं नाव बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलंय तेच ठेवायचं. दुसरी गोष्ट, क्लिअर सीमॉसचा (बायोसची सेटिंग मूळपदावर आणणारा) जंपर ग्राफिक्स कार्डाखाली दडपलेला नसावा. रॅमशी खेळताना तो तुम्हाला इतक्या वेळा लागेल की शेवटी स्क्रूड्रायव्हर टेबलावरच राहील. बाकी बायोस रंगीत आहे की साधा, आरजीबी दिव्यांचे किती हेडर, वायफाय आहे का, यांवर मी एक रुपयाही वाढवत नाही. वायफायचा डोंगल वेगळा मिळतो, व्हीआरएमचा मिळत नाही.

इंटेलबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणीतरी मित्र ‘आय५ घे’ म्हणणारच. तिथे प्रोसेसरच्या नावात के हवा आणि बोर्ड झेड चिपसेटचा हवा, दोन्ही महाग. बी५६०पासून पुढच्या बी बोर्डांवर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा नाही. त्यातही बाराव्या पिढीपासूनच्या के नसलेल्या प्रोसेसरमध्ये रॅम सांभाळणाऱ्या भागाचा व्होल्टेज बंद असल्याने डीडीआर४ची उडी लवकर अडते. २०२२ मध्ये थोडे दिवस मजा आली होती: वेगळा क्लॉक जनरेटर असलेल्या मोजक्या बी६६० बोर्डांवर साधा आय५ १२४०० बेस क्लॉक, म्हणजे मूळ घड्याळ, वाढवून पळवता येत होता. असे बोर्ड मुळातच कमी होते आणि आपल्या बाजारात शोधत बसणं वेळेचा अपव्यय. कुणी तेराव्या-चौदाव्या पिढीचा के प्रोसेसर जुना म्हणून स्वस्तात देत असेल तर जपून. त्या प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे कायमचा बिघाड होत होता, आणि इंटेलने ऑगस्ट २०२४पासून त्यावर मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रामचे) अपडेट काढले. आधीच्या मालकाने तो कसा वापरलाय हे बाहेरून कळत नाही.

एएम५चं, म्हणजे एएमडीच्या नव्या सॉकेटचं, थोडक्यात. तिथेही तीच परवानगीची भानगड: ए६२० आणि बी८४०वर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग नाही, बी६५० आणि बी८५०वर आहे. नावात बी दिसला म्हणून बी८४० उचलू नका, तो नावापुरताच बी. अॅसरॉकचा बी६५०एम-एचडीव्ही/एम.२ दिसायला अगदी गरीब, रॅमचे दोनच स्लॉट; पण ८+२+१ची डीआरमॉस मांडणी असल्याने परीक्षणांत तो दुप्पट किमतीच्या बोर्डांच्या पंगतीत बसला. स्वस्त म्हणजे कसा असावा, याचा तो नमुना. मात्र एएम५ला डीडीआर५शिवाय पर्याय नाही, आणि तुमच्या खिशाचा हिशेब तिथेच कोसळतो. शिवाय एसओसी व्होल्टेज १.३च्या वर न्यायचा नाही, हे तिथे पक्कं लक्षात ठेवायचं. २०२३च्या एप्रिलमध्ये काही ७८००एक्स३डी सॉकेटसकट जळाले, त्यानंतर एएमडीने बायोसमधूनच ही मर्यादा घातली.

जुना बोर्ड घ्यावा का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. एएम४मध्ये घ्यायला हरकत नाही, कारण पिना प्रोसेसरला असतात, सॉकेटला नुसती भोकं. इंटेल आणि एएम५चे बोर्ड जुने घेताना मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून सॉकेटच्या पिना तपासाव्या लागतात. एक जरी वाकलेली असेल तर रॅमचा एक चॅनेल गायब होऊ शकतो. एएम४ बोर्डाची पाठ बघा. व्हीआरएमच्या मागचा भाग बाकी बोर्डापेक्षा तपकिरी पडला असेल तर तो कुणाच्या तरी मे महिन्यात भाजून निघालाय. कपॅसिटरची डोकी सपाट हवीत. सीरियल नंबरचा स्टिकर शाबूत हवा आणि बिलावर तोच नंबर हवा. आपल्याकडे बोर्डांना बहुधा तीन वर्षांची वॉरंटी असते, आणि सर्व्हिस सेंटरवाला पहिल्यांदा तेवढंच बघतो. ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, पीबीओने झालेलंही नाही, हे माहीत असू द्या. उणे कर्व्ह लावून मी आजवर एकही प्रोसेसर जाळलेला नाही, पण कागदावर नियम तसा आहे.

नवा घेतानाही कोपऱ्यात छापलेला रिव्हिजन नंबर वाचा. त्याच नावाच्या बोर्डाचे १.० आणि १.२ असे अवतार निघतात आणि मधल्या काळात मॉसफेट बदललेले असू शकतात. परीक्षण एका अवताराचं, हातात दुसरा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मी खोकं उघडून दाखवायला सांगतो आणि ते दाखवतात. ऑनलाइन घेत असाल तर आल्या दिवशी फोटो काढून ठेवा.

बोर्ड आला की पहिल्याच आठवड्यात, बदलून मिळायची मुदत असतानाच, त्याची परीक्षा घ्या. दुपारी दोन-तीन वाजता, खोलीतला कूलर बंद करून. आधी काहीही न वाढवता एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारा प्रोग्राम) उघडून व्हीआरएमचं तापमान दिसतं का बघा. काही स्वस्त बोर्डांवर तो सेन्सरच नसतो. मग बोर्डाच्या पाठीवर धरायला तापमानाची बंदूक कुणाकडून तरी मागून आणा. अर्धा तास प्राइम९५ हा प्रोसेसर राबवणारा प्रोग्राम चालवा. ९०च्या आत राहिला तर उत्तम, शंभराला टेकला तर परत करा. मग पीबीओ चालू करा आणि कर्व्ह सगळ्या कोअरना उणे दहा द्या. इथे एक चकवा आहे: सगळे कोअर एकदम राबवणाऱ्या टेस्टमध्ये उणे तीससुद्धा पास होतं, आणि रात्री यूट्यूब बघताना कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होतो. कारण सगळ्यात जास्त वेग एकटा कोअर हलक्या कामात गाठतो, आणि व्होल्ट तिथेच कमी पडतात. त्यासाठी कोअरसायकलर नावाचं फुकट साधन आहे, ते एकेक कोअर पाळीपाळीने घासतं. रात्रभर लावून झोपा. सकाळी जो कोअर नापास दिसेल त्याचा आकडा पाचाने शून्याकडे आणा (उणे दहाचा उणे पाच), बाकीचे तसेच.

आणि ए५२०वाला दुकानदार परत म्हणाला की तिन्हींवर होतं, तर त्याला बायोस उघडून मल्टिप्लायर एकाने वाढवून दाखवायला सांगा. वाद घालू नका, पुढे रॅम आणि एसएमपीएस त्याच्याकडूनच घ्यायचेत.